दुखणे गुडघ्याचे, दोष खुब्याचा

आमचा तेरा वर्षांचा नातू बेदाण्याच्या हंगामात लंगडू लागला. गुडघा दुखतो, म्हणे. वजन वाढले आहे, चालल्याने उतरेल, हा उपदेश घरात सर्वांत मोठ्याने मीच केला. दोन वर्षांपूर्वीच्या विजारी त्याला अजून लांबीस पुरत होत्या, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही. तीन महिने तेल चोळले. गुडघ्याचा एक्स-रे निर्दोष आला. अखेर मिरजेच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी त्याला उताणे निजवून मांडी पोटाकडे दुमडली, तेव्हा पाय आपोआप बाहेर वळला. दोष खुब्यात होता. बँकेतही फरक एका पानावर दिसे आणि चूक दुसऱ्याच पानावर सापडे.

वाढत्या वयात मांडीच्या हाडाचा गोल माथा कूर्चेच्या थराने जोडलेला असतो. थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की हा थर दुर्बल राहतो आणि अंगाच्या भाराने माथा सरकतो. खुब्याचे व गुडघ्याचे काही मज्जातंतू सामाईक असल्याने वेदना गुडघ्यात जाणवते. अशा मुलास चालवणे म्हणजे माथा आणखी सरकवणे. त्याचा रक्तपुरवठा तुटल्यास हाड मृत होते. दहा वर्षांच्या आत वा सोळा वर्षांनंतर असे घडले, किंवा मूल वयाच्या मानाने बुटके असले, तर संप्रेरकांची तपासणी अवश्य करावी.

नातवाच्या रक्तात टीएसएच फार वाढलेले निघाले. स्क्रूने माथा स्थिर केला. दुसऱ्या बाजूसही धोका असल्याने तेथेही. रोज पहाटे उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी मीच देतो. दुकानाच्या पायऱ्या तो अद्याप कठडा धरून चढतो.