कमरेची कट्यार

चेन्नईला जाणारा मराठी माणूस समुद्र पाहतो, मयिलापूरला कपालीश्वराचे दर्शन घेतो आणि परततो. त्याने एक सकाळ एगमोरच्या सरकारी संग्रहालयासाठी राखून ठेवावी. तेथे तंजावरच्या राजवाड्याच्या शस्त्रागारातील काही हत्यारे आहेत. १८५५ साली भोसल्यांचे ते राज्य खालसा झाले, शस्त्रागार पुढे मोडले गेले आणि त्यातल्या कट्यारी पार न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयापर्यंत पोहोचल्या. काही मराठ्यांच्याही आधीच्या, नायक राजांच्या अमदानीतल्या. कित्येकींचे पाते युरोपी तलवारीचे आहे, मूठ तेवढी दक्षिणी.

काचेआडची ही कट्यार पाहिली की मनात येते, एवढे अवजड लोखंड पोटाशी बाळगून माणूस मांडी घालून बसत तरी कसा असेल? प्रश्न रास्त आहे. काचेआड हत्यार असते, पण ज्याच्या आधाराने ते अंगावर राहायचे तो शेला तेथे नसतो.

तलवारीचे म्यान पट्ट्याला लटकते. कट्यारीच्या म्यानाला बहुधा कडीच नसते. ते कमरेच्या शेल्यात नुसते खोचायचे. म्हणजे सारी मदार वेढ्यांवर. वेढे सैल असले तर कट्यार उपसताना म्यानही तिच्याबरोबर वर येते आणि ऐन वेळी हातात म्यानासकट हत्यार राहते. वेढे फार आवळले तर जेवून उठणेही कठीण! म्यानाला शेल्याची पकड घट्ट हवी, आणि पात्याला म्यानाची पकड त्याहून हलकी. लाकडी म्यान दमट हवेत फुगते, पाते आत अडकते. मद्रासच्या किनाऱ्यावर ही चिंता बारमाही.

कट्यार सरळ उभी खोचली तर बसताना म्यानाचे टोक जांघेत रुतते. तिरपी खोचली की टोक मांडीच्या बाजूने निघून जाते, आणि हातालाही तेच सोयीचे. कारण हिची मूठ तलवारीसारखी नाही. दोन उभ्या पट्ट्यांमधल्या आडव्या दांड्या मुठीत धरायच्या, म्हणजे पाते मुठीच्या पुढे, सरळ हाताच्या रेषेत येते. अशी मूठ धरायला हात वरून खाली न्यावा लागतो. कट्यार फार वर असली तर कोपर खांद्यापर्यंत उचलावे लागते आणि समोरच्याला हेतू आधीच कळतो. तंजावरच्या पुष्कळ कट्यारींना हाताची पाठ झाकणारे शिडासारखे पत्र्याचे कवचही आहे. ते बाहेरच्या अंगाला ठेवून आत बोटे जातील इतकी जागा पोटाशी सोडावी लागते.

हे सारे मिरवायच्या हत्याराचे झाले. दरबारी चित्रांतली कट्यार लपलेली नसते. तिची मूठ मुद्दाम दिसू दिलेली असते. लपवायचे असेल तर कंबर ही वाईट जागा, कारण आलिंगन देणाऱ्याला ती पहिल्यांदा लागते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी भेट ठरली होती ती आलिंगनाचीच.

त्या भेटीची हकिगत कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिली, आणि लिहिली तीही याच तमिळ मुलखात, जिंजीच्या किल्ल्यावर, राजाराम महाराजांच्या आश्रयास असताना. त्याच्या बखरीत अफझलखानाच्या हाती जमदाड आहे. जमदाड ही कट्यारीचीच जात. खानाला आधी तिचे म्यान टाकावे लागले, मग कुशीत वार करता आला. तो अंगरख्याखालच्या चिलखतावर घासून गेला. महाराजांपाशी होते बिचवा आणि वाघनख. बिचवा नागमोडी, अरुंद, अस्तनीत मावणारा. वाघनखाच्या दोन कड्या बोटांत घातल्या की बाहेरून अंगठ्याच दिसतात, नखे तळहातात मिटलेली राहतात. उपसण्यासाठी हात कोठे न्यावा लागत नाही, मूठ उघडली की पुरे.