कान वाढवा, आवाज नव्हे!

मुलांनो, एक गंमत करून बघा. घरातला छोटा रेडिओ एफएमवर लावा, अँटेनाची दांडी मिटवा आणि चालू रेडिओ स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावा. आता डब्याला कान लावा. आवाज दबेल, ते सोडा. पण बऱ्याचदा गाणंच हरवतं आणि नुसती खरखर उरते. रेडिओ बिघडला का? छे! धातूने रेडिओलहरींची वाट अडवली.

डब्याऐवजी आता उंच इमारत डोळ्यांसमोर आणा. काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या, लिफ्टची पोलादी पेटी, खाली तळघर. म्हणून तर लिफ्टमध्ये बाबांचा फोन मध्येच तुटतो. बाबा बाहेर येऊन पुन्हा फोन लावतात. पण आत अग्निशमन दलाचा जवान असेल तर? त्याचा जीव हातातल्या वॉकी-टॉकीवर अवलंबून असतो.

गंमत म्हणजे, पुष्कळदा बाहेरचं बोलणं त्याला ऐकू येतं, पण त्याचं बोलणं बाहेर पोचत नाही. असं का बरं?

समजा, तुम्ही मैदानावर प्रार्थनेला उभे आहात. मुख्याध्यापक लाउडस्पीकरवर विचारतात, "शेवटच्या रांगेत कोण आहे रे?" तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं. तुम्ही ओरडून नाव सांगता, पण ते त्यांच्यापर्यंत जातच नाही. इथेही तसंच. केंद्रातलं यंत्र ५० वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीचं, अँटेना उंचावर. हातातला संच साधारण ५ वॅटचा! लाउडस्पीकर आणखी मोठा केला तर उपयोग होईल? नाही. इथे कान वाढवायला हवेत.

मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार मॉनिटर उभे करा. तुमचा आवाज ज्याला सगळ्यात स्पष्ट ऐकू येईल, त्याने तो मुख्याध्यापकांना सांगायचा. इंजिनिअरांनी हेच केलं. शहरात ठिकठिकाणी किंवा इमारतीच्या आतच फक्त ऐकणारी यंत्रं, म्हणजे रिसीव्हर, बसवायचे. प्रत्येकाची तार केंद्राकडे न्यायची. तिथे एक यंत्र सगळ्यांचे आवाज ताडून बघतं आणि ज्यात खरखर सर्वांत कमी, तो निवडतं. या यंत्राला 'व्होटर' म्हणतात, म्हणजे मतदार! जवान जिना चढू लागला, की क्षणात दुसऱ्या रिसीव्हरची निवड होते. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

बोगद्यात आणि खाणीत आणखी एक युक्ती वापरतात. तिथे लांबच लांब केबल टाकतात आणि तिच्या आवरणाला मुद्दाम फटी ठेवतात. त्या फटींतून लहरी बाहेर पाझरतात, तशाच आतही येतात. म्हणजे अख्खी केबलच अँटेना झाली की नाही?

पण नुसतं यंत्र बसवून भागत नाही बरं का. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ साली बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर तिथे अग्निशमन दलाच्या वॉकी-टॉकींचा आवाज पुढे पोचवणारं रिपीटर यंत्र बसवण्यात आलं. पुढे ११ सप्टेंबर २००१ रोजी विमानं आदळली. उत्तरेकडच्या मनोऱ्यात अधिकाऱ्यांनी ते यंत्र तपासलं. मुख्य हँडसेटचं बटण दाबलंच गेलं नव्हतं, म्हणून यंत्र बंद आहे असं त्यांना वाटलं आणि तिथे त्यांनी ते वापरलं नाही. दक्षिणेकडच्या मनोऱ्यात मात्र तेच यंत्र कामाला आलं. चौकशी आयोगाच्या २००४ सालच्या अहवालात हे नोंदलेलं आहे. त्या दिवशी ३४३ अग्निशामक गेले. सगळे काही रेडिओमुळे गेले नाहीत. पण संकटाच्या वेळी सवयीचा हात किती मोलाचा, हे यातून कळतं.

मग या रविवारी एक काम कराल? आई-बाबांना बरोबर घ्या आणि आपल्या इमारतीत मोबाइलची रेंज कुठे कुठे जाते, ते वहीत नकाशा काढून टिपा. तळघर, जिना, लिफ्ट, सगळं बघा. अडचणीच्या वेळी १०१ किंवा ११२ ला फोन कुठे उभं राहून लागेल, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक हवं. आणि हो, आजी-आजोबांनाही तो नकाशा दाखवायला विसरू नका!