करवंदाचा जॅम आणि दाण्याचीं जोडबिस्किटें

पुणें जिल्ह्यांतील जुन्नर आणि आंबेगांव हे दोन तालुके पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पोंचतात आणि पूर्वेस देशावरील सपाटीवर उतरतात. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या अंगाला पावसाची झोड, भाताचीं खाचरें आणि हिरड्याचीं झाडें. नारायणगांव, मंचर या अंगाला कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या पाण्यावर होणारी बागायत. वैशाखांत डोंगरावर करवंद काळें होतें, आणि त्याच्या मागोमाग खालच्या बागायती रानांत उन्हाळी भुईमूग काढणीस येतो. या दोन जिनसांची गांठ एकाच ताटांत सहसा पडत नाहीं. करवंद मीठ लावून येतां-जातां खाल्लें जातें. भुईमूग चटणींत, लाडवांत आणि तेलाच्या घाण्यांत जातो. त्यांना एकत्र आणणारा एक पदार्थ आहे, व तो घरच्या घरीं होण्यासारखा आहे.

हा पदार्थ म्हणजे जोडबिस्किट. दाण्याचें कूट घालून केलेल्या खुसखुशीत पिठाच्या दोन पातळ चकत्या, त्यांतील खालची अखंड, वरचीला मधोमध भोंक, आणि दोहोंच्या मध्यें आंबटगोड जॅमचा थर. युरोपांत ऑस्ट्रिया देशांतील लिंझ या डॅन्यूब नदीकांठच्या शहराच्या नांवानें हा प्रकार ओळखला जातो, आणि भोंकांतून लाल जॅम डोकावतो म्हणून या बिस्किटांस ‘लिंझचे डोळे’ असेंही म्हणतात. त्या शहराच्या नांवाच्या गोड पदार्थाची कृति १६५३ सालच्या एका हस्तलिखितांत आढळली आहे. तें हस्तलिखित अ‍ॅडमाँट येथील मठाच्या ग्रंथसंग्रहांत आहे. तिकडे बदाम किंवा हेझलनट वापरतात आणि जॅम रासबेरीचा अथवा तांबड्या करंटचा घेतात. हीं नांवें वाचून आपल्याकडील गृहिणी पुस्तक मिटून ठेवते, आणि त्यांत तिचें कांहीं चुकत नाहीं. परंतु या पदार्थास बदाम पाहिजे तो बदाम म्हणून नव्हे. पाहिजे तें तेलकट आणि पिठासारखा चिकटपणा न धरणारें दाण्याचें कूट, व ज्यांत आंबटपणा असून जें शिजवल्यावर आपोआप आळतें असें फळ. भुईमुगाच्या दाण्यांत जवळजवळ निम्मा भाग तेल असतें. करवंदांत आंबटपणा तर आहेच, शिवाय फळ आळविणारें पेक्टिन नांवाचें द्रव्यही भरपूर आहे. म्हणजे लिंझच्या स्वयंपाकिणीस जें हवें होतें तें सर्व भीमाशंकरच्या उतारावर आणि मंचरच्या रानांत मिळतें.

या कृतींत आरंभापासून अखेरपर्यंत सांभाळावयाची वस्तु एकच, ती म्हणजे पाणी. करवंदांतील पाणी आटलें पाहिजे, शेंगेंतील ओल उन्हानें गेली पाहिजे, आणि पिठांत पाणी जवळजवळ घालावयाचेंच नाहीं. ज्यांचीं बिस्किटें बिघडतात त्यांचीं बहुधा या तिहींपैकीं एका ठिकाणीं बिघडतात.

प्रथम करवंद. ‘डोंगरची काळी मैना’ अशी हाक देत हें फळ शहरांत विकलें जातें, पण त्याचा खरा बाजार घाटरस्त्याच्या कडेला असतो. महादेव कोळी व ठाकर समाजांतील बाया आणि मुलें पहांटे जाळींत शिरून, कांटे चुकवीत, एकेक फळ वेंचतात आणि पानांच्या द्रोणांत भरून रस्त्यावर बसतात. पिकलेलें करवंद नाजुक असतें. त्याला उन्हाची धग सोसत नाहीं, आणि संध्याकाळपर्यंत जें खपत नाहीं त्याला दुसऱ्या दिवशीं कोणी हात लावीत नाहीं. त्यामुळें दुपार कलली कीं घेणारा म्हणेल ती किंमत. पहिला जोराचा पाऊस झाला म्हणजे हंगाम संपला. तेंच फळ आटवून बाटलींत भरलें तर वर्षभर टिकतें. जॅमच्या कृतीकडे पाहतांना ही गोष्ट विसरतां कामा नये. ज्या घरीं किलोनें करवंदें लागतात तें घर सकाळींच टोपली उचलतें.

जॅमकरितां १ किलो करवंदें घेतलीं तर त्यांत चार भाग पूर्ण पिकलेलीं काळीं आणि एक भाग अर्धवट पिकलेलीं तांबडीं असावीं. रंग आणि गोडी काळ्यांची. पेक्टिन व आंबटपणा तांबड्यांत अधिक. सगळींच काळीं घेतलीं तर जॅम पातळ राहतो, आणि मग तो आळावा म्हणून साखर वाढविली जाते. देंठापाशीं पांढरा चीक असतो, म्हणून फळें मिठाच्या पाण्यांत घटकाभर ठेवून दोनतीनदां धुवावीं. नंतर तीं पाऊण पेला पाण्यांत मंद आंचेवर मऊ शिजवावीं, पळीनें ठेंचावीं आणि पुरणयंत्राच्या बारीक जाळींतून गाळून घ्यावीं. बिया व सालपटें वर राहतात. भांडें स्टेनलेस स्टीलचें घ्यावें. पितळेचें घ्यावयाचें तर त्याची कल्हई शाबूत पाहिजे, कारण आंबट रस उघड्या पितळेस झोंबतो आणि तो अंश पोटांत जातो.

गाळलेल्या गराचे चार भाग असतील तर साखर तीन भाग. साखर गर शिजल्यावरच घालावी. आधीं घातली तर फळ मऊ होत नाहीं आणि पेक्टिन नीट सुटत नाहीं. साखर विरघळल्यावर मात्र आंच मोठी करून भराभर आटवावें. मंद आंचेवर तासभर रटरटत ठेवलेल्या जॅमचा रंग काळवंडतो व पेक्टिनही मोडतें.

जॅम झाला हें ओळखावयाचें कसें? पुस्तकांत १०५ अंश सेल्सियस असें लिहिलेलें असतें, आणि येथें जुन्नरकरांनीं थोडें थांबून विचार केला पाहिजे. तो आंकडा समुद्रकांठच्या गांवाचा आहे. समुद्रकांठीं पाणी १०० अंशांवर उकळतें. पण उंचावर हवेचा दाब कमी असल्यामुळें तें लौकर उकळतें, आणि दर ३०० मीटर उंचीस सुमारें एका अंशाचा फरक पडतो. जुन्नर शहर सुमारें ६९० मीटर, म्हणजे सवादोन हजार फुटांवर आहे. तेथें पाणी ९८ अंशांच्या किंचित् खालींच उकळूं लागतें, आणि त्याच हिशेबानें पोळीला लावावयाचा जॅम १०३ अंशांच्या आंतच तयार होतो. १०५ ची वाट पाहत बसणाऱ्याच्या हातीं चिवट गोळी लागते. तेव्हां आंकडा पाठ करण्यापेक्षां उष्णतामापक आधीं नुसत्या उकळत्या पाण्यांत बुडवून पाहावा आणि त्यावर पांच अंश धरावे. बिस्किटांत भरावयाचा जॅम त्याहून एक अंश अधिक आटवावा, कारण त्यांतील मोकळें पाणी पुढें बिस्किटांत शिरणार असतें. उष्णतामापक नसेल तर थंड बशींत थेंब टाकून बशी तिरपी करावी. थेंब ओघळला नाहीं व बोटानें ढकलतां त्यास सुरकुती पडली, कीं भांडें उतरवावें. उकळत्या पाण्यांतून काढून वाळविलेल्या कांचेच्या बाटलींत तो गरम असतांनाच भरावा.

आतां भुईमूग. हा भाग चवीपेक्षां आरोग्याचा अधिक आहे. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की पक्ष्यांचीं एक लाखाहून अधिक पिलें थोड्याच काळांत मेलीं. शोध घेतां त्यांच्या खाद्यांतील, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींत बुरशीचें विष सांपडलें, आणि त्यास अफ्लाटॉक्सिन असें नांव मिळालें. हें विष यकृतास बाधतें. दाणे भाजल्यानें तें पुरतें नाहीसें होत नाहीं, आणि नुसत्या वासानें नेहमीं ओळखतांही येत नाहीं. बुरशी धरते ती ओलसर शेंगेवर. उन्हाळी भुईमूग काढतां काढतां मृगाचा पाऊस डोक्यावर येतो, शेंगा अंगणांत पसरल्या न पसरल्या तोंच गोळा कराव्या लागतात, आणि दमट शेंगा पोत्यांत भरून कोपऱ्यांत उभ्या राहतात. आंतली ओल शेंकडा ८ च्या खालीं उतरल्यावांचून शेंग सांठवूं नये. घरांत ओल मोजण्याचें यंत्र नसतें. पण शेंग हलविली असतां दाणा खुळखुळावा, दाणा चोळला असतां साल सुटावी आणि दांताखालीं तो कट्‌कन मोडावा, इतकें पाहतां येतें.

म्हणून बिस्किटांकरितां सोललेले दाणे विकत आणण्यापेक्षां वाळलेल्या शेंगा आणून घरीं फोडाव्या, आणि सुपांत घेऊन सुरकुतलेले, काळपट, मोड आलेले, किडके व खवट दाणे काढून टाकावे. टाकलेले दाणे चटणींतही घालूं नयेत व कोंबड्यांनाही देऊं नयेत. काटकसर येथें महागांत पडते. पावसाळी भुईमूग आश्विनांत निघतो, त्याला ऊन चांगलें मिळतें. त्यामुळें वैशाखांत भरलेली जॅमची बाटली दिवाळीपर्यंत ठेवून नव्या शेंगांबरोबर उघडणें हा सर्वांत सोयीचा क्रम होय. दिवाळींत गांवोगांवच्या भट्टीवर घरचें साहित्य देऊन नानकटाई भाजून आणण्याची चाल आपल्याकडे होतीच. हीं जोडबिस्किटें तिच्याच कुळांतलीं आहेत.

प्रमाण लिहून घेण्यासारखें आहे: मैदा १५० ग्रॅम, भाजून सोललेल्या दाण्यांचें कूट १०० ग्रॅम, थिजलेलें तूप ९० ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, चिमूटभर मीठ, थोडी दालचिनीची पूड, आणि लागेल तसें एकदोन चमचे दूध. दाणे मंद आंचेवर एकसारखे भाजून पूर्ण निवूं द्यावे. कोमट दाणे यंत्रांत फिरविले कीं तेल सुटून त्यांचा लगदा होतो. म्हणून वरच्या साखरेंतील दोन चमचे साखर त्यांत मिसळून थांबत थांबत फिरवावे, अथवा खलबत्त्यांत कुटावे.

तूप व साखर हातानें फेंसून हलकी करावी, त्यांत कूट, मग मैदा, मीठ व दालचिनी घालून बोटांच्या टोकांनीं एकत्र आणावें. दूध गोळा जुळण्यापुरतेंच. येथें उत्तम पोळ्या करणारी सुगरणच आधीं चुकते, कारण तिचा हात तिंबावयास संवकलेला असतो. मैद्याला पाणी लागून तो मळला गेला कीं त्यांत ग्लूटेन नांवाचा चिवट तंतु तयार होतो; पोळीला तो हवा, बिस्किटाला तो शत्रु. तूप मैद्याच्या कणांभोंवतीं लपेटून पाणी आंत शिरूं देत नाहीं, आणि दाण्याच्या कुटांत तो तंतु मुळींच नसल्यानें तें कणांना एकमेकांपासून दूर ठेवतें. खुसखुशीतपणा येतो तो यामुळें.

गोळा अर्धा तास थंड जागीं ठेवावा, शीतकपाट असल्यास त्यांत. मग दोन कागदांच्या मध्यें ठेवून सुमारें ४ मिलिमीटर जाड लाटावा आणि डब्याच्या झांकणानें ५ सेंटिमीटर रुंदीच्या चकत्या पाडाव्या. निम्म्या चकत्यांना बाटलीच्या छोट्या टोपणानें भोंकें पाडावीं. सुमारें २० जोड्या होतात.

विजेची छोटी भट्टी असेल तर १६० अंशांवर १४ ते १६ मिनिटें पुरतात. दाण्यांतील प्रथिनें व साखर यांमुळें हीं बिस्किटें साध्या बिस्किटांपेक्षां लौकर तांबूस होतात, म्हणून आंच अधिक ठेवूं नये. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या कुकरांत दोन बोटें मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरावी, वर तिवई ठेवावी, झांकणाचें रबर व शिटी काढून टाकावी आणि दहापंधरा मिनिटें तापवून मग थाळी आंत सोडावी. पूर्वीं वाळूच्या कढईवर परात ठेवून वर निखारे घालीत, त्याचेंच हें सुटसुटीत रूप. कुकरांत खालची बाजू आधीं रंगते, तिच्यावर नजर ठेवावी. कडा बदामी झाल्या कीं चकत्या बाहेर काढाव्या, त्या मऊ लागल्या तरी हरकत नाहीं. तूप पातळ असतें तोंवर त्या मऊच लागतात. निवल्यावर कडक होतात. ‘अजून कच्चीं आहेत’ म्हणून पांच मिनिटें अधिक ठेवलेलीं बिस्किटें कडवट होऊन बसतात.

भरण्याची घाई मात्र करूं नये. जॅममधील ओल कोरड्या चकतींत हळूहळू शिरत राहते. भरल्यावर एक दिवसानें बिस्किट किंचित् मऊ पडून जॅमशीं एकजीव होतें, व जाणकारांस तें तेव्हांच अधिक रुचतें. चारपांच दिवसांनीं मात्र तें लिबलिबीत होतें. म्हणून कोऱ्या चकत्या घट्ट डब्यांत ठेवाव्या, तेथें त्या पंधरवडाभर चांगल्या राहतात, आणि पाहुणे यावयाच्या आदल्या दिवशीं लागतील तेवढ्याच भराव्या. जॅम थोडा गरम करून खालच्या चकतीच्या मध्यें अर्धा चमचा ठेवावा, कडेला बोटभर जागा सोडावी, आणि पिठीसाखर भुरभुरवलेली भोंकाची चकती वर अलगद दाबावी. साखर जोडल्यानंतर भुरभुरवली तर ती जॅमवर पडून विरघळते.

पांचगणी-महाबळेश्वरकडचा स्ट्रॉबेरीचा तयार जॅमही चालतो, पण तो भरण्यास पातळ असतो. चारदोन मिनिटें पुन्हां आटवून घ्यावा. जांभळाचा जॅम करावयाचा तर त्यांत लिंबाचा रस घालावा, कारण एकटें जांभूळ करवंदासारखें आळत नाहीं. कांहीं माणसांस, विशेषतः लहान मुलांस, भुईमूग मुळींच सोसत नाहीं व तो घातकही ठरतो; शेजारच्या मुलांच्या हातावर बिस्किट ठेवण्यापूर्वीं घरच्यांस विचारावें, आणि अशा घरीं भुईमुगाऐवजीं भाजलेल्या तिळाचें कूट घ्यावयाचें तर तेंही विचारूनच घ्यावें. तिळाचें कूट वापरल्यास तूप १० ग्रॅम कमी करावें.