यंत्राची नजर, माणसाची जबाबदारी

सॉफ्टवेअरचा मूळ कोड सर्वांसाठी खुला ठेवायचा, तो कोणालाही वाचू, वापरू आणि सुधारू द्यायचा, हे ओपन सोर्स चळवळीचे मूलतत्त्व आहे. पाहणारे डोळे पुष्कळ असले की चूक फार काळ लपून राहत नाही, हा तिचा आवडता सिद्धांत. प्रत्यक्षात मात्र कोड लिहिणारे हात पुष्कळ आणि तो काळजीपूर्वक तपासणारे डोळे थोडे, अशीच स्थिती राहिली. इंटरनेटवरील माहितीच्या सुरक्षेसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'ओपनएसएसएल'मध्ये 'हार्टब्लीड' हा दोष मार्च २०१२च्या आवृत्तीबरोबर शिरला आणि उघडकीस आला एप्रिल २०१४मध्ये. दोन वर्षे कोड सर्वांसमोर होता, दोष मात्र दिसला नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आता कृत्रिम बुद्धिमत्तेला, म्हणजेच 'एआय'ला, तपासनीस म्हणून पाचारण करण्यात येत आहे.

ही तपासणी किती नाजूक असते, हे समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. घाटकोपरशेजारच्या विद्याविहारमधील 'फ्रॅपे' या कंपनीचे 'ईआरपीनेक्स्ट' हे सॉफ्टवेअर अनेक देशांतील उद्योग हिशेब, साठा आणि खरेदी-विक्रीसाठी वापरतात. रुषभ मेहता यांनी २००८मध्ये ही कंपनी स्थापन केली. घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून या सॉफ्टवेअरचा उगम झाला. त्याचा संपूर्ण कोड खुला असल्याने जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून कोणीही त्यात बदल सुचवू शकतो. हा प्रस्ताव म्हणजे 'पुल रिक्वेस्ट'. प्रकल्पाची देखभाल करणारी जाणती मंडळी तो वाचतात, शंका विचारतात आणि पटला तरच मूळ कोडमध्ये सामावून घेतात.

या कामात यंत्राची मदत नवी नाही. ठरावीक चुका हुडकणारी 'सेमग्रेप'सारखी साधने आधीपासून आहेत. फ्रॅपेनेही त्यासाठी आपले नियम तयार करून ते खुले ठेवले आहेत. मात्र अशा साधनाला जी चूक शिकवली आहे, तेवढीच ते पकडते. एआयचे तसे नाही. ते बदललेल्या ओळी आणि त्यांच्या आसपासचा कोड वाचते, त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न करते आणि संशयास्पद ओळीशेजारी साध्या भाषेत शेरा लिहिते. त्यामुळे नियमात न बसणारी चूकही त्याला दिसू शकते. त्याचबरोबर, नसलेली चूकही ते तितक्याच ठामपणे दाखवू शकते.

फ्रॅपेच्याच रचनेतील एक उदाहरण पाहू. नोंदींची यादी मागवण्यासाठी तेथे 'गेट लिस्ट' आणि 'गेट ऑल' अशा दोन आज्ञा आहेत. पहिली आज्ञा विचारणाऱ्याचे अधिकार तपासते. दुसरी ते न तपासता सर्व नोंदी देते. ब्राउझरमधून थेट वापरता येणाऱ्या भागात नवख्या प्रोग्रामरने चुकून दुसरी आज्ञा लिहिली, तर गोदामातील कर्मचाऱ्यालाही सर्व ग्राहकांची थकबाकी दिसू शकेल. एआय ही ओळ क्षणात दाखवून देईल आणि ते मोलाचेच आहे. पण रात्री आपोआप तयार होणाऱ्या एकत्रित अहवालासाठी सर्वच नोंदी हव्या असतील, तर तीच ओळ बरोबर ठरते. हेतू कोणता, हे केवळ ओळीवरून कळत नाही. त्यासाठी प्रकल्पाची आणि तो वापरणाऱ्यांच्या व्यवहाराची जाण लागते. मुद्रितशोधक चुका दाखवतो, पण मजकूर छापायचा की नाही हे संपादक ठरवतो, तसाच हा भेद आहे.

हा भेद विसरल्यास काय होते, हे 'कर्ल' या प्रकल्पाने अनुभवले. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारे हे साधन असंख्य उपकरणांत आहे. सुरक्षेतील दोष दाखवणाऱ्यांना तेथे २०१९पासून बक्षीस मिळत असे. एआय हाती येताच बक्षिसाच्या आशेने खोट्या दोषांचे लांबलचक अहवाल येऊ लागले. प्रत्येक अहवाल खोटा ठरवण्यातही देखभाल करणाऱ्यांचे तास खर्ची पडत. अखेर जानेवारी २०२६मध्ये प्रकल्पाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी ही बक्षीस योजना बंद केली. त्याच कर्लमध्ये सप्टेंबर २०२५मध्ये एका जाणकाराने एआयच्या साहाय्याने शोधलेल्या दोषांची यादी पाठवली, तेव्हा त्यातून अनेक खऱ्या दुरुस्त्या झाल्या आणि स्टेनबर्ग यांनी त्याचे कौतुकही केले. दोन्हीकडे एआय होतेच. फरक होता तो निष्कर्ष पडताळून पाहण्यात.

काही धोके तर केवळ बदललेल्या ओळी तपासून हाती लागणारे नसतात. मार्च २०२४मध्ये 'एक्सझेड' या साधनात चोरवाट आढळली. ती घालणाऱ्याने सुमारे दोन वर्षे उपयुक्त काम करून विश्वास संपादन केला होता. घातक भाग चाचणीसाठीच्या फायलींत दडवला होता आणि तो कार्यान्वित करणारा दुवा केवळ वितरणाच्या संचात होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉग-इनला अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून तो उघड झाला.

एआयला पहिली चाळणी म्हणून वापरावे, अंतिम निर्णय मात्र माणसाने घ्यावा, हाच यातील शहाणपणाचा मार्ग दिसतो. शेरा यंत्राचा असला, तरी त्याची शहानिशा करूनच तो पुढे धाडण्याची शिस्त प्रत्येक प्रकल्पाला घालून घ्यावी लागेल. आणखी एक बाब तितकीच महत्त्वाची आहे. ओपन सोर्समध्ये परीक्षण हे शिक्षणही असते. पवईच्या आयआयटीतील 'फॉसी'सारख्या उपक्रमांतून विद्यार्थी या क्षेत्रात येतात. बदल का नाकारला गेला, हे ज्येष्ठांकडून समजून घेत नवी पिढी घडते. यंत्राने सांगितले आणि विद्यार्थ्याने न समजता बदलले, एवढ्यावरच हा व्यवहार थांबला, तर आजचा कोड कदाचित निर्दोष होईल; पण उद्या तो सांभाळायला जाणता माणूस उरणार नाही.