शिकागोचा कोळसेवाला

अमेरिकेत धंदेवाईक बेसबॉलची पहिली संघटना १८७१ साली निघाली. ती नावानं खेळाडूंची संघटना होती. पाच वर्षांनी तिची जागा नॅशनल लीगनं घेतली आणि तिच्या पूर्ण नावात ‘खेळाडू’ या शब्दाच्या जागी ‘क्लब’ हा शब्द आला. बदल एवढाच, पण त्यात सगळा खेळच फिरला. तो घडवून आणणारा विल्यम हल्बर्ट हा शिकागोचा कोळशाचा व्यापारी.

जन्म १८३२चा, न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यातला. पण वाढला शिकागोत, आणि पुढं अंगात भिनलं तेही शिकागोच. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड या धान्याच्या सौद्यांच्या बाजाराचा तो सभासद होता. शब्द दिला की सौदा पक्का, ही त्या बाजाराची रीत. बेसबॉलमध्ये नेमकी याचीच बोंब होती. खेळाडू एका क्लबाशी करार करत आणि जास्त पैसे दिसले की दुसऱ्याकडं जात. तोट्यातले क्लब हंगाम अर्ध्यावर सोडून देत. सट्टेवाले तर मैदानातच उभे असत.

हल्बर्ट व्हाइट स्टॉकिंग्ज या शिकागोच्या क्लबाचा भागधारक होता. १८७१च्या आगीत क्लबाचं मैदान जळालं आणि पुढची दोन वर्षं संघ उतरलाच नाही. तो पुन्हा उभा राहतोय तोच डेव्ही फोर्सचं प्रकरण झालं. हा खेळाडू आधी शिकागोशी आणि मग फिलाडेल्फियाच्या अॅथलेटिक्सशी, असा दोघांशी करार करून बसला. संघटनेनं पहिला निवाडा शिकागोच्या बाजूनं दिला. मग अध्यक्षपदावर फिलाडेल्फियाचा माणूस आला आणि निवाडा उलटला. पूर्वेकडच्या शहरांपुढं आपल्याला न्याय मिळायचा नाही, हे हल्बर्टनं तिथंच ओळखलं.

त्यानं जे केलं ते मात्र न्यायाच्या पुस्तकात बसणारं नव्हतं. १८७५च्या हंगामात बोस्टननं ७१ सामने जिंकले आणि फक्त ८ गमावले. तो हंगाम चालू असतानाच हल्बर्टनं बोस्टनचे चार मोहरे गुपचूप फोडले: गोलंदाज अल स्पाल्डिंग, रॉस बार्न्स, डीकन व्हाइट आणि कॅल मॅकव्हे. फिलाडेल्फियाहून कॅप अॅन्सनलाही उचललं. चालू हंगामात असे सौदे नियमाविरुद्ध होते, आणि बातमी तर फुटलीच. आता संघटना आपल्याला हाकलणार असं दिसताच त्यानं संघटनाच नवी काढायचं ठरवलं. सचोटीची भाषा करणाऱ्या लीगचा पाया असा पळवापळवीत घातला गेला. मला यात ढोंगापेक्षा व्यापाऱ्याची अक्कल जास्त दिसते.

२ फेब्रुवारी १८७६ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल हॉटेलात बैठक झाली. आठ शहरांचे आठ क्लब. एका शहरात एकच क्लब, आणि शहराची वस्ती किमान ७५ हजार. जुन्या संघटनेची प्रवेश फी १० डॉलर होती, इथं वर्षाला १०० डॉलर. सट्टा बंद. अध्यक्षपद पूर्वेच्या माणसाला, हार्टफर्डच्या मॉर्गन बल्कलीला, देऊन हल्बर्टनं कुरकुर मिटवली. पहिला हंगाम ५२ विजयांसह शिकागोनंच मारला.

हंगामाच्या शेवटी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या क्लबांनी पश्चिमेचा ठरलेला दौरा केला नाही. देशातली सगळ्यात मोठी दोन शहरं. गल्ल्याचा विचार करणारा दुसरा कोणीही गप्प बसला असता. हल्बर्टनं दोघांनाही काढून टाकलं आणि स्वतः अध्यक्ष झाला. १८७७त सट्ट्याच्या प्रकरणात लुईव्हिलच्या चार खेळाडूंवर आजन्म बंदी आली. त्यातला जिम डेव्हलिन गोलंदाज म्हणून नामी होता. तो फाटक्या कपड्यांत माफी मागायला आला, तेव्हा हल्बर्टनं खिशातून ५० डॉलर काढून त्याच्या हातावर ठेवले आणि बंदी मात्र उठवली नाही, असं स्पाल्डिंगनं नंतर सांगितलं. १८८०त हकालपट्टीची पाळी सिनसिनाटीच्या क्लबावर आली, कारण ते मैदानात बिअर विकायचं सोडेनात.

याच कारकिर्दीत, १८७९ साली, राखीव खेळाडूंचा नियम आला. कल्पना बोस्टनच्या आर्थर सोडनची मानतात. प्रत्येक क्लबानं पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि बाकीच्यांनी त्यांना हात लावायचा नाही. आयपीएलच्या ‘रिटेन’ याद्या वाचताना आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण पुढं हा फास सगळ्याच खेळाडूंभोवती आवळला आणि १८७५च्या त्या पळवापळवीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७५त सुटला. हल्बर्टच्या खात्यावर हेही मांडलंच पाहिजे.

एप्रिल १८८२मध्ये, पन्नाशीच्या आत, हृदयविकारानं तो गेला. वर्षभरच अध्यक्ष राहिलेला बल्कली १९३७त हॉल ऑफ फेममध्ये पोचला. हल्बर्टला १९९५ उजाडावं लागलं. शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत त्याच्या थडग्यावर बेसबॉलच्या आकाराचा दगड आहे. त्यावर लीगमधल्या १८८२ सालच्या आठ शहरांची नावं कोरली आहेत. त्यांत न्यूयॉर्क नाही, फिलाडेल्फियाही नाही.