चेंडू स्टिकवर थांबवायचा कसा?

हॉकीचा चेंडू टणक, १५६ ते १६३ ग्रॅमचा. ताठ धरलेल्या स्टिकवर तो आदळला की उसळणारच. म्हणून डावा हात वर घट्ट, उजवा खाली सैल ठेवा आणि चेंडू लागताच स्टिक किंचित मागे घ्या. मूठ पुढे झुकलेली असेल तर चेंडू वर न उडता खाली दबतो.

१९७६च्या मॉन्ट्रियलपासून ऑलिम्पिक हॉकी कृत्रिम मैदानावर आहे. वडीगोद्रीसारख्या गावाकडच्या काळ्या मातीवर मात्र चेंडू ऐन वेळी दिशा बदलतो. तिथे गुडघे चांगले वाकवून स्टिक जवळजवळ आडवी टेकवावी; अडवायला रुंदी मिळते. स्टिकची गोलसर पाठ चेंडूला लागली तर फाऊल, हे विसरू नका. स्टिक साधी असली तरी हरकत नाही: चार ऑलिम्पिक खेळलेले खडकीचे धनराज पिल्ले लहानपणी मोडक्या, बांधून घेतलेल्या स्टिकनेच शिकले.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नजर. पास निघण्याआधीच मान वळवून मोकळी जागा हेरा, आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू तिकडे वळवा. जागच्या जागी थांबवलेला चेंडू बचावपटूला आयता मिळतो. जोडीदार नसेल तर भिंतीवर मारून परत येणारा चेंडू अडवा, आळीपाळीने दोन्ही बाजूंना.