गिनीपिगची प्रथमोपचार पेटी

डॉक्टरांच्या घरी औषधांना तोटा नसतो. म्हणूनच मुलांनी पाळलेल्या गिनीपिगच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी, असे मला वाटते. १९४० साली ऑक्सफर्डमध्ये उंदरांचे प्राण वाचविणारे पेनिसिलिन गिनीपिगला मारक ठरते, हे १९४३ मध्येच दिसून आले. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलिन वा क्लिंडामायसिन त्याच्या आतड्यातील उपकारक जीवाणू नष्ट करते. क्लॉस्ट्रिडियम माजतो आणि प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. जखमेवरचे मलमही तो चाटतो. त्याच्या पेटीत मी सलाईन, गॉज, सुईविरहित सिरिंज व वजनकाटा एवढेच ठेवतो. आपल्याप्रमाणेच त्याचेही शरीर क जीवनसत्त्व तयार करीत नाही. ते ढोबळी मिरचीतून मिळते. त्याने अर्धा दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर आपण तत्काळ पशुवैद्यकाचा दरवाजा ठोठवावा.